तराफ्याखाली टांगलेला दगड

सोकेस, १९ मार्च १९८८

कासियानो,

काल, शुक्रवार दिनांक १८ मार्च १९८८ रोजी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तू आठ माणसं घेऊन माझ्या सभाघरात शिरलास आणि आमचा सकाऊची मुळं कुटून प्यायला रस काढायचा दगड उचलून नेलास. वेळ मी अंदाजाने लिहिलेली नाही. तीनची घंटा झाली तेव्हा मी चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला गुडघे टेकत होते आणि शेजारच्या रोसेंदाने निखाऱ्यावर नीरफणस ठेवला होता. त्याची एक बाजू काळी होते न होते तोच तुझी माणसं अंगणातून बाहेर पडली. उपवासकाळातल्या शुक्रवारी त्या वेळी मी कुठे असते हे साऱ्या पोनपेई बेटाला ठाऊक आहे. तुलाही आहे. म्हणूनच तू ती वेळ निवडलीस.

रोसेंदाने तुला हटकलं होतं. "पेर्पेतुआला विचारलंस का रे?"

तू म्हणालास, "ताई हो म्हणेल. नाही म्हणाली तर मग विचारू."

हे वाक्य तिने मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना तिला हसू आवरेना. मला आवरलं.

दगडाच्या जागी तू दोन कोनफळं ठेवून गेलास. मोठी होती, मी नाकारत नाही. डुकरांनी आवडीने खाल्ली.

आता नीट वाच. तो दगड माझ्या आईच्या कुळाचा. आईला तो तिच्या आईकडून आला, आईकडून मला. तुझे वडील माझे सख्खे मामा, म्हणजे ते त्या कुळाचे. तू नाहीस. तू तुझ्या आईच्या कुळाचा. आपल्याकडे हे पोरांना चालायला लागल्यावर कळतं, तुला पन्नाशी उलटल्यावर पत्राने कळवावं लागतंय. मामा एवढे मोठे किताबवाले, पण माझ्या आईला विचारल्याखेरीज त्यांनी त्या दगडावर मुळाचा तुकडा ठेवला नाही. आमच्या घरात कुणाचं लग्न ठरलं, कुणी मेलं, कुणी कुणाच्या पाया पडायला आलं, सगळं त्या दगडाभोवती झालं. आज तिथे मातीत चौकोनी डाग आहे आणि त्यात कोंबडी बसलीय.

बंदरात तीस वर्षं नोकरी केली मी. कुणी दिलं आणि कुणी घेतलं याची सही झाल्याखेरीज घासलेटचा डबासुद्धा धक्क्यावरून हलू दिला नाही. तू माझ्या घरातून आठ माणसांचं ओझं हलवलंस. बुधवारपर्यंत ते होतं तिथे परत ठेव.

पेर्पेतुआ


मादोलेनिम, २५ मार्च १९८८

आदरणीय पेर्पेतुआताई,

तुझं पत्र ट्रकवाल्या इग्नासने दिलं. आधी उभ्याने वाचलं, मग बसावं लागलं. तुला लिहायला उशीर केला, कारण जे लिहायचं आहे ते लिहवत नव्हतं.

तुला माहीत आहे, ऑस्ट्रेलियाचे प्रोफेसर वॉलेस माझ्याकडे राहायला आहेत. ते रोज होडीने नान मदोलला जातात, त्या भिंतींपुढे उभे राहतात आणि एकच विचारतात. एवढाले दगड बेटाच्या पलीकडच्या टोकाहून इथे, पाण्यातल्या या ओसाड शहरात आले कसे? आपले म्हातारे सांगतात, दोघा भावांनी मंत्र म्हटला आणि दगड पाखरांसारखे उडत आले. प्रोफेसर मान डोलावतात. पण ताई, त्यांचे डोळे हसतात. ते मला सहन होईना. आपले लोक तारे बघून समुद्र ओलांडून या बेटावर आले, त्यांना काय दगड वाहता आले नसतील? मी म्हणालो, नेऊन दाखवतो.

दगड सोकेसच्याच डोंगरातला हवा होता, जुन्या हातांनी घडवलेला. तसा एकच डोळ्यांपुढे आला. विचारायला यायला हवं होतं. तू नाही म्हणशील याची भीती वाटली.

दोन मोठ्या उलांडीच्या होड्या शेजारी घेतल्या, वर बांबूचे तीन थर बांधले. दगड वर ठेवला असता तर तराफा उलटला असता. म्हणून तो खाली टांगला, काथ्याच्या दोरांनी, पाण्यात. तूच सांगायचीस ना, पाण्यात ओझं हलकं होतं? ओहोटीला तो उथळात ठेवला, तराफा वर आणून दोर आवळले आणि भरतीची वाट पाहत बसलो. अमावस्येचं उधाण होतं. पाणी चढलं तसा तराफा करकरला, दोर ताठ झाले, आणि मग ताई, काही न करता तो दगड जमिनीवरून सुटला. प्रोफेसरांनी टोपी काढली. शनिवारी सकाळी आम्ही बांबू टेकत, तिवरांच्या कडेकडेने, प्रवाळाच्या आतल्या शांत पाण्यातून निघालो. कोलोनियाच्या धक्क्यावरून लोकांनी हात केले. मला वाटलं, हजार वर्षांपूर्वीचं कुणीतरी माझ्या पाठीमागे बसून वल्हवतंय.

ऊ गावापुढे, जिथे प्रवाळ तुटून बाहेरच्या समुद्राला वाट आहे, तिथे ओढ लागली. दोर एकामागून एक तुटले. दगड गेला, ताई. मी रडलो. विचार प्रोफेसरांना.

मला येऊ दे. माझ्या मळ्यातलं सगळ्यात जुनं सकाऊचं झाड मुळासकट उपटून आणतो, तुझ्या सभाघरात कुटतो. तू करवंटी ओठाला लावलीस की झालं. त्यानंतर राग धरायचा नाही, हा रिवाज तुझ्यामाझ्या आधीचा आहे.

आणखी एक. तुला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगतो. आपण जवळजवळ सारी वाट दगड नेऊन दाखवला म्हणून नान्मार्की मला नवा किताब देणार आहेत. ईस्टर झाल्यावर, २३ एप्रिलला. त्यांच्यासारख्या मोठ्या सरदारापुढे बसताना तुझा राग डोक्यावर घेऊन बसायची माझी छाती नाही.

तुझा,
कासियानो


सोकेस, २८ मार्च १९८८

कासियानो,

दगड बुडाला. दोन शब्द लिहायला तुला चार पानं लागली. मध्ये पाखरं आणली, तारे आणले, टोपी आणली.

क्षमा मागायला येतोस म्हणे. ये. झाड आण. मुळं धू. माणसं बसव. मग कुटणार कशावर? माझ्या गुडघ्यांवर? या घरात क्षमा मागायची ती त्याच दगडावर, आणि तो तू समुद्रात घातलास. घर जाळून झाल्यावर तू दार वाजवतो आहेस.

तुझा दगड घेऊन यायचं मनात आणू नकोस. तो माझ्या अंगणात आला तर मी त्यावर कपडे धुवीन.

मी काय करणार ते कळवते, म्हणजे नंतर आडून वार केला असं म्हणायला नको. तुझ्या लेकीच्या लग्नात मी दिलेल्या चटया परत पाठव. तुझी बायको लुर्देस पॅरिशच्या बायकांच्या मंडळात माझ्या शेजारी बसते, तिने जागा बदलावी. आणि तुझ्या किताबाचं म्हणशील तर नान्मार्कींची पत्नी, जिला आता तुम्ही सारे वाकून लिकेंद म्हणता, ती मठाच्या शाळेत माझ्याच बाकावर बसायची. तेव्हा ती मार्सेला होती आणि भागाकार माझा बघून करायची. अजून तिला मी काही सांगितलेलं नाही. अजून.

एक काम कर. दगड नेमका कुठे पडला ते लिही. कोणत्या टोकाच्या रेषेत, प्रवाळाच्या आत की वाटेत, पाणी किती. दामियानच्या भावाची पोरं शिंपल्यांसाठी बुडी मारतात. दगड दिसला तर दोर बांधून वर काढता येईल. तुला एवढा वाहता आला, आम्हाला काढता येणार नाही का?

दामियान, माझा नवरा, चाळीस वर्षं त्या दगडावर कुटत आला. तुझं पत्र ऐकून त्याने एवढंच विचारलं, "वाजला का गं पडताना?" मी म्हटलं, तसं काही लिहिलेलं नाही. तो मागच्या बाजूला जाऊन बसला. त्याच्यासाठी तरी जागा लिही.

पेर्पेतुआ


मादोलेनिम, ६ एप्रिल १९८८

प्रिय पेर्पेतुआताई,

ईस्टरच्या शुभेच्छा. मन आज इतकं हलकं आहे की काय लिहू.

तुझ्या घरी दगड नाही, तू मला येऊ देत नाहीस, मग मी काय करणार? सोमवारी इथेच सकाऊ कुटला, झाडाच्या सालीत पिळून स्वच्छ बाटलीत भरला आणि इग्नासबरोबर पाठवला. वाटलं होतं, बाटली फुटून परत येईल. संध्याकाळी इग्नास आला आणि म्हणाला, "घेतली."

मी म्हटलं, "नीट सांग. घेतली म्हणजे?"

"घेतली म्हणजे प्यायले. दामियानबाबांनी करवंटीत ओतला, एक प्यायले, दुसरी प्यायले आणि म्हणाले, घट्ट आहे, छान आहे."

ताई, मी तिथेच डोळे मिटले. तुझ्या घराने माझी क्षमा स्वीकारली. तू रागाने काहीही लिही, पण तुझ्या उंबऱ्याच्या आत तो सकाऊ घशाखाली उतरला आहे. नान्मार्कींना मी कळवून टाकलं की आमच्या दोन घरांत आता काही उरलेलं नाही.

दगडाच्या जागेचं म्हणशील तर तिथे फार खोल आहे आणि ओढ वाईट. कोवळ्या पोरांना तिथे पाठवू नकोस. गेलं ते गेलं. आपल्या पूर्वजांचे काय थोडे बुडाले असतील?

येत्या रविवारी भावोजींना माझ्याकडे पाठव. मानाच्या जागी बसवतो. तूही ये, पण तुझ्या पायांना ट्रकचा प्रवास सोसत नाही हे मला माहीत आहे.

तुझाच,
कासियानो


सोकेस, ८ एप्रिल १९८८

कासियानो,

सोमवारी मी पाद्रींच्या घरी झाडलोट करून परतले तर दामियान सभाघरात भिंतीला टेकून बसला होता. जीभ जड, डोळे बारीक.

मी विचारलं, "हे काय पितोस?"

"सकाऊ."

"कुठला?"

"बाटलीतला."

"कुणाच्या बाटलीतला?"

त्याने बाटली उजेडाकडे धरून चिठ्ठी वाचली. "सोया सॉसच्या," म्हणाला.

ही तुझी क्षमायाचना. माणूस गुडघ्यावर येतो, झाड मुळासकट आणतो, समोरच्याच्या डोळ्यांदेखत घाम गाळतो. तू बूच लावून पाठवलीस. आणखी थोडी वर्षं थांबला असतास तर पोस्टाने पाठवता आली असती.

आता कुळाचा धडा दुसऱ्यांदा. दामियान माझा नवरा आहे. तो त्याच्या आईच्या कुळाचा, मी माझ्या. तो प्यायला म्हणजे त्याच्या कुळाने तुला क्षमा केली. त्याच्या कुळाचं तुझ्याशी भांडण कधीच नव्हतं, तेव्हा अभिनंदन. माझं भांडण जसंच्या तसं आहे. माझ्या ओठाला तुझी करवंटी लागलेली नाही. नान्मार्कींना तू खोटं कळवलंस. ते दुरुस्त करायला तुला मी थोडा वेळ देते, कारण शाळेतल्या सिस्टर बेनिग्ना म्हणायच्या की पाप्याला संधी द्यावी. त्या हेही म्हणायच्या की ती एकदाच द्यावी.

दामियान रविवारी येणार आहे. मी नको म्हटलं. तो म्हणतो, "मी त्याचं प्यायलोय, आता बोलावलं तर नाही कसं म्हणू?" हे तुम्हा पुरुषांचं तुम्ही बघा. त्याला मासे जपून वाढ, काटे दिसत नाहीत. कान मात्र चांगले आहेत.

पेर्पेतुआ


मादोलेनिम, ११ एप्रिल १९८८

आदरणीय ताई,

घाईत लिहितो, इग्नास ट्रक चालू ठेवून उभा आहे.

भावोजी काल दुसऱ्या करवंटीलाच उठून गेले. जेवलेही नाहीत. लुर्देसने डुकराचं मटण पानात बांधून दिलं, ते ओट्यावर ठेवून गेले. त्यांना बरं नव्हतं का? काही बोलले का?

वय झालं की माणसाला काहीबाही ऐकू येतं. माझे वडील शेवटी शेवटी मेलेल्या माणसांचे आवाज ओळखायचे. भावोजी काही म्हणाले तर मनावर घेऊ नकोस. सोकेसच्या डोंगरातले सगळे दगड सारखेच वाजतात.

नान्मार्कींकडे तू अजून गेली नाहीस ना? जाण्याआधी मला एकदा भेट. मीच येतो.

कासियानो


सोकेस, १३ एप्रिल १९८८

कासियानो,

तू येऊ नकोस. आधी हे वाच.

दामियान रविवारी घरी आला आणि बोलेना. सोमवारी बोलेना. मला वाटलं, तुझ्याकडचं मटण बाधलं. पण तुझं पत्र आलं आणि त्यात तू विचारलंस, "काही बोलले का?" त्याआधी मला बोलण्यासारखं काही आहे हेच ठाऊक नव्हतं. तुझं पत्र त्याच्यापुढे धरलं आणि म्हटलं, "सगळे दगड सारखेच वाजतात, असं तो म्हणतो."

दामियान म्हणाला, "वाजत नाहीत."

मग बाकीचं सांगितलं. मी त्याला मध्ये तोडलं नाही, म्हणजे बघ.

तुझ्या सभाघरात चार दगड मांडले होते. तीन उघडे, नारळाच्या सोडणांवर उचललेले. चौथा शेवटच्या कोपऱ्यात, सोडणं न लावता मातीवरच टेकवलेला, अर्धा चटईखाली. माणसं जास्त झाली म्हणून कुणीतरी त्यावरही मूळ ठेवलं आणि कुटायला लागला. दामियान म्हणतो, मातीवर ठेवलेला दगड मुका होतो, पण हा पूर्ण मुका झाला नाही. रुंद बाजूला मारलं की तो आधी बसका बोलतो आणि मग खुलतो. चाळीस वर्षं त्याने तो आवाज आपल्या हाताखाली ऐकला. लोक आपल्या बायकोची हाक ओळखतात तसा त्याने तो ओळखला. माझी हाक तो ओळखत नाही, ती गोष्ट वेगळी.

त्याने कुटणाऱ्याला विचारलं, "हा समुद्रातून वर कसा काढला?"

तो हसला. "समुद्रात गेला कुठे, बाबा? ट्रकमधून आला."

"मग तराफ्याखाली काय होतं?"

"वाळूच्या गोण्या. दोर ताठ दिसायला नकोत?"

बाकीचंही त्या कुटणाऱ्याने सांगून टाकलं. सगळं समजलं, कासियानो. शुक्रवारी संध्याकाळी सोकेसच्या उथळात तू दगड खरोखरच टांगलास आणि तुझे बांबू काडीसारखे मोडले. प्रोफेसर सकाळी येणार होते. तू दगड ताडपत्रीखाली घालून रस्त्याने घरी पाठवलास आणि गोण्या बांधून समुद्राने निघालास. कोलोनियाच्या धक्क्यावरून लोकांनी तुला हात केले, तेव्हा माझा दगड बहुतेक ऊच्या चढावर इग्नासच्या ट्रकमध्ये हेलकावे खात असेल. दोर तुटले नाहीत, तू कापलेस. तुझ्या मागे बसून जो वल्हवत होता, तो बिचारा हजार वर्षांपूर्वीचा माणूस वाळू वल्हवत होता.

मी बंदरात होते तेव्हा रिकाम्या पेट्यांवर सही मागणारे बरेच आले. पण त्यांची पेटी निदान डोळ्यांना दिसायची. पाण्याखाली टांगलेलं ओझं कुणाला दिसत नाही, हे तू बरोबर हेरलंस. प्रोफेसरांनी टोपी काढली ती वाळूसाठी. ते आता साऱ्या जगाला सांगतील की पोनपेईच्या लोकांनी दगड असे नेले. आणि पुढे कुणीतरी खरा तराफा बांधील, तो बुडेल, आणि मग लोक म्हणतील की या बेटावरचे लोक आधीही खोटं सांगत आले असतील. त्या हसणाऱ्या डोळ्यांचा तुला राग आला होता ना? आता त्यांना हसायला तू कारण दिलंस. पूर्वजांनी दगड नेले हे खरं. कसे नेले ते मला ठाऊक नाही. तुलाही नाही. एवढं कबूल करायला तुला काय झालं होतं?

निघताना तू दामियानला फाटकाशी गाठलंस. त्याचा हात धरून म्हणालास, "भावोजी, बाबा जन्मभर त्या दगडाशेजारी मानाने बसले. मी लहानपणी बाजूला बसलो तर आत्या मला उठवायची. 'हे तुझं नाही,' म्हणायची. एकदा तरी तो माझ्या घरात वाजावा असं वाटलं." दामियानचे डोळे हे सांगताना भरले. तो मऊ माणूस आहे, म्हणून तर बाटलीतलं पितो.

माझी आई तुला उठवायची, हे खरं असेल. ती मलाही उठवायची, पाय पसरून बसले की. पण तू मागितला असतास तर? तुझ्या वडिलांच्या आठवणीला एक दिवस दे, असं म्हणून दारात आला असतास तर मी काय केलं असतं, हे आता तुला कधीच कळणार नाही. ते कळायची वाट तू त्या शुक्रवारी बंद केलीस. तुझ्यासाठी मला एवढंच वाईट वाटतं. फार नाही.

आता काय करायचं ते मी सांगते.

माझा दगड परत येईल, पण ट्रकने नाही. समुद्राने येईल. तू सांगितलंस तसाच, दोन होड्यांच्या मध्ये, पाण्यात टांगून, काथ्याच्या दोरांनी. तुझ्या दारातून निघेल, ऊपुढच्या त्या वाटेवरून जाईल, जिथे ओढ वाईट आहे, आणि कोलोनियाच्या धक्क्यासमोरून दिवसाउजेडी जाईल. शनिवारी अमावस्या आहे, सोमवारपर्यंत उधाण राहील. सोमवारी, १८ तारखेला, मी धक्क्यावर उभी असेन. दामियानच्या भावाची पोरं पाण्यात उतरून तराफ्याखाली बघतील आणि काय दिसतं ते मोठ्याने सांगतील. प्रोफेसर वॉलेस तराफ्यावर बसलेले असतील. निघण्यापूर्वी गोण्यांचं तू त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगशील.

तू म्हणशील, बुडेल. बुडू दे. तुझ्या चटईखाली मुका पडून राहण्यापेक्षा तो समुद्राच्या तळाशी असलेला मला चालेल. निदान तुझं एक पत्र तरी खरं ठरेल. हे मी रागात लिहीत नाही. रात्रभर विचार केला, दामियानला विचारलं. तो म्हणाला, "बुडाला तर पडताना वाजेल."

पोचलास तर सभाघरात तो जुन्या जागी ठेव. सोडणं आम्ही मांडून ठेवू. मूळ धू, कुट, पीळ. तुझ्या घामाने, तुझ्या माणसांच्या नाही. मी समोर बसेन. तू दोन्ही हातांनी करवंटी माझ्यापुढे धरशील. ती मी ओठाला लावीन की नाही, ते तेव्हा ठरवीन. आधी सांगणार नाही. तुला ते न कळता वल्हवावं लागेल.

हे मान्य नसेल तर दुसरी वाट सोपी आहे. रविवारी प्रार्थनेनंतर लिकेंद माझ्याकडे जेवायला येणार आहे. मी बोलावलेलं नाही, तिनेच निरोप पाठवला. ती सभाघरात बसेल आणि विचारेल, "पेर्पेतुआ, तुमचा दगड कुठे आहे?" मी तिच्याशी कधी खोटं बोलले नाही. भागाकाराच्या वेळीसुद्धा नाही. तेवीस तारखेला नान्मार्कींनी तुला कशाबद्दल किताब द्यायचा, हे मग नवरा-बायको ठरवतील. इग्नासला तोंडी निरोप सांगू नकोस, तो वाटेत गोड करून आणतो.

हो किंवा नाही, तुझ्या हाताने लिहून, खाली सही करून, शनिवार दिनांक १६ एप्रिल रोजी दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पोचलं पाहिजे.

पेर्पेतुआ